एक थांबा पुढे

सातपूरहून सीबीएसला जाणाऱ्या शेअर रिक्षात
मी कडेची जागा धरतो.
आयटीआय सिग्नल सुटला की तयारीला लागतो:
'दादा, थांबवा.'
की 'इथं बाजूला घ्या'?
की नुसतं 'बस, बस'?
तिन्ही तोंडातल्या तोंडात म्हणून बघतो,
आवाज कितीचा लावायचा ते ठरवतो,
तोवर एबीबी सर्कल आलेलं असतं
आणि गेलेलंही.

मायको सर्कलला कुणीतरी उतरतंच.
त्याच्या पाठोपाठ मी,
जणू मला इथंच यायचं होतं.
सुट्टे पैसे मुठीत, केव्हाचे ओले.
मग आलो त्याच रस्त्यानं उलटा चालत जातो.
हेमलता म्हणते, चालणं बरं तुझ्या तब्येतीला.
मी हो म्हणतो.
साडेतीन वर्षं हो म्हणतोय.

कंपनीत माझ्याइतकं नेमकं कुणी नाही.
शाफ्टमधली पाच मायक्रॉनची चूक
माझ्या टेबलावरून पुढे जात नाही.
लोखंडाला किती अधिक-उणं चालतं
ते ड्रॉइंगवर छापलेलं असतं.
माणसांचं कुठं छापतात?
जेवणाच्या सुट्टीत शेलार म्हणतो, 'काय मग?'
ह्या 'काय मग'मध्ये किती लांबीचं उत्तर बसतं?
मंगळवारी मी म्हणालो होतो, 'मजेत.'
जरा जोरात म्हणालो.
आज शुक्रवार.
अजून ते 'मजेत' तपासतोय.

फोन वाजतो, वाजू देतो,
थांबल्यावर मेसेज करतो: गाडीवर होतो.
गाडी नाही माझ्याकडे.
न्हाव्यानं मागून आरसा धरला, फारच बारीक केलेले,
मी म्हटलं, झकास.
मिसळीतला रस्सा संपला,
पोऱ्या भांडं घेऊन दोनदा शेजारून गेला,
मी उरलेला पाव कोरडाच खाल्ला,
सावकाश,
तसाच आवडत असल्यासारखा.

लहानपणी निफाडला ह्याला साधे शब्द होते:
बुजरा. घुमा.
आत्या कौतुकानं सांगायची,
गुणाचं लेकरू, तोंडातून ब्र निघत नाही.
मोठा झालो तर त्याचंच 'शिष्ट' झालं.
कॅनडा कॉर्नरला एका जिन्यात वीस मिनिटं उभा राहून
शेवटी वर गेलो,
तर डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं. सोशल अँग्झायटी.
म्हणाल्या, लोक तुमच्याकडे एवढं बघत नसतात हो.
मला ते पटलं.
छातीला अजून कळवायचं आहे.

काल रिक्षात शेजारी एक दप्तरवाली मुलगी होती,
नववी-दहावीची.
एबीबीच्या अलीकडे तिचे ओठ हलले.
पुन्हा हलले.
'दादा' एवढंच, तेही टेपवरच्या गाण्याखाली गेलं.
मी तिची मूठ पाहिली,
मुठीतली नोट, घडीवर घडी घातलेली,
आणि कुणाचा आवाज ते कळायच्या आत
'ओ, थांबवा! उतरायचंय हिला!'

रिक्षा कचकन थांबली.
सगळे वळले, तिच्याकडेच.
कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली पोर.
उतरताना तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसं मी बघितलं असतं.

रिक्षा सुटली.
माझाही थांबा तोच होता
हे आठवलं तेव्हा मायको सर्कल.

परत चालताना, झाडाखाली अंधार बघून,
तो आवाज पुन्हा एकदा काढून पाहिला,
हळूच:
थांबवा.
अंधारात एक शेंगदाणेवाला बसला होता.
म्हणाला, 'कितीचे?'

मला शेंगदाणे नको होते.
दहाचे घेतले.