काच बदलून मिळेल

एवढंच लिहिलंय माझ्या पाटीवर,
अमळनेर स्टँडच्या मागच्या गल्लीत,
शेवेच्या कढईला लागून.
बाकीचं पाटीवर मावत नाही.

मे महिन्यात, दुपारी दोनला,
कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही तेव्हा
पितांबर बडगुजर आले. रुमालात गुंडाळलेला फोन
टेबलावर ठेवला, मेलेलं पाखरू ठेवावं तसा.
"भिंतीवर आपटला."
कुणी, ते बोलले नाहीत. उजवा तळहात लाल होता.
"आंडोरना शे. लॉक तोडा,
आत काय काय शे, समदं माले दखाडा."

लॉक तुटतं. माझ्या हातून तुटतं.
तीन वर्षांपूर्वी एका काकाला असंच
पुतणीचं उघडून दिलं होतं,
दोनशे घेतले, वर चहाही त्यांचाच प्यालो.
जूनमध्ये शाळेची रिक्षा तिच्या दारापुढून
न थांबता जाऊ लागली.
न वाजलेला तो हॉर्न
मला अजून ऐकू येतो.

म्हणालो, "भाऊ, काच मी घालतो.
कुलूप ज्याचं, त्याला घेऊन या."

सहाला आणलं. दुर्वेश. नववी नुकती संपलेली,
ओठावर मिशीची नुसती अफवा.
स्टुलावर असा टेकला, जसं काही स्टूलही ओरडेल.
बापाला म्हटलं, समोर चहा घ्या,
दिसाल एवढ्याच अंतरावर.
पोराच्या हाती चिमटा दिला:
हे स्क्रू कणीहून बारीक, चुंबकावर ओळीनं ठेव,
एक हरवला तर फोन नीट मिटत नाही.

चौथ्या स्क्रूपर्यंत गप्प.
पाचव्याला म्हणाला, "ती मुलगी नव्हतीच."

गेममधली ओळख. रात्री एकला गुड नाइट.
मग एक फोटो तिचा, मग एक याचा.
मग त्याच खात्यातून जाड पुरुषी आवाज:
पाच हजार, नाहीतर तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर.
आईच्या भिशीतले पाच गेले.
मग सात मागितले.
"मी विहीर बघून आलो, काका," म्हणाला,
आणि सहावा स्क्रू चिमट्यातून सुटला.

दोघं गुडघ्यांवर बसलो, टॉर्च लावून.
फरशीच्या भेगेत सापडला.
आधी तो सापडू दिला, मग बोललो:
आता एक रुपया द्यायचा नाही.
मेसेज पुसायचे नाहीत, तेच आपले साक्षीदार.
फोटो तुझा असेल, गुन्हा मागणाऱ्याचा.

सपकाळे मॅडमना फोन लावला,
त्या शनिवारी पीटी कापून पोरांशी बोलायचा तास घेतात,
पोरं वैतागतात, पण नंबर पाठ असतो त्यांचा.
म्हणाल्या, सकाळी ठाण्यात मी सोबत येते.
आज रात्री त्याला एकटं झोपवू नका.
आणि बापाला सांगा,
आज प्रश्न कमी, जेवण जास्त.

बापाला मी निम्मंच सांगितलं.
विहिरीचं आधी सांगितलं.
उरलेलं पोराचं होतं, त्यानं त्याच्या वेळेनं सांगावं.
ते रस्ता ओलांडून आले. हात वर गेला,
माझ्या पोटात गोळा,
तो पोराच्या मानेवर उतरला आणि तिथंच राहिला.
"माले का बरं नही सांगं?"
"तुम्ही फोन काढून घेतला असता."
बडगुजर बराच वेळ कढईतल्या तेलाकडे बघत होते.
"हां," म्हणाले. मग हळूच, "मी शे ना."

काच बसली. काळी, कोरी,
तिच्यात तिघांचे तीन तुकडे चेहरे.
साडेसातशे झाले, काचेचे.
बाकीचं मी म्हटलंच, पाटीवर नाही.

"लॉक टाकून बघ," म्हटलं.
पोराचं बोट उचललं, थबकलं.
बापानं मान वळवली रस्त्याकडे,
पारोळ्याची गाडी मागे येत होती,
कंडक्टर शिट्टी मारत होता,
तीच बघायला आल्यासारखे
ते बघत राहिले.

"झालं?" त्यांनी विचारलं,
न वळता.