एकाच किमतीचं तिकीट

सभागृह म्हणजे शाळेची व्यायामशाळा.
भिंतीला लोंबते दोर, फरशीवर बास्केटबॉलच्या पुसट रेघा,
त्यांवर मांडलेल्या बत्तीस खुर्च्या. अकरा भरल्या.
ग्लासगोहून आलेले साहेब
अजून बोटीतली मळमळ गिळत होते.
इतिवृत्त मी लिहीत होते.

साहेबांनी नकाशा लावला.
दक्षिणेला फिकट, वर सरकताना गडद होत जाणारा लाल;
सगळ्यात वर ऑर्कनी, जवळपास काळीच.
म्हणाले, इथून वीज न्यायची तर तार लांब,
तार लांब म्हणून आकार जास्त.
यात पंक्तिप्रपंच नाही. नुसतं अंतर आहे.

मागून इवॉर फ्लेट म्हणाला,
काल एवढा वारा होता,
आणि आमची पवनचक्की बांधून ठेवलेली.
का, तर तार भरली.
घरी आई दोन स्वेटर घालून
हीटरच्या बटणाकडे बघत बसली, हात न लावता.
हे अंतर कुठल्या रंगात दाखवता?

मग थोरा ड्रेव्हर उठल्या.
एकतीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी;
गुडघ्यांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला.
शेजारच्या घरी टाकलेलं पत्र
आणि लंडनला टाकलेलं पत्र,
तिकीट एकच, म्हणाल्या.
मध्ये समुद्र किती, कुणी मोजला नाही.

टाळ्या.
थोरा बसल्या मात्र नाहीत.

फुकट नव्हतं ते.
माझ्या बोटीचं डिझेल
बर्मिंगहॅमच्या कुठल्याशा बाईनं भरलं,
चार गल्ल्या पलीकडच्या मावशीला
वाढदिवसाचं कार्ड पाठवताना.
तिला ते कधी कळलं नाही.
कळलं असतं तर दिलं असतं का तिनं,
हे मला एकतीस वर्षांत कळलं नाही.

या वेळी टाळी नाही.
छताचा एक पत्रा थडथडत राहिला.
मी लिहिलं: श्रीमती ड्रेव्हर यांनी टपालाचा दाखला दिला.
खोडलं.
लिहिलं: कुणीतरी देतंच.
तेही खोडलं, ठरावाच्या चौकटीत बसेना.

साडेतीनलाच काळोख. साहेबांची बोट पाचची.
इवॉर दिव्यांपाशी गेला,
बटणावर बोट ठेवलं
आणि वळून आम्हा सगळ्यांकडे बघत राहिला.

अर्धे लाव, थोरा म्हणाल्या.