कायमचा पत्ता

पारडी नाक्याजवळ, हार्डवेअरच्या दुकानावर
आमचा वर्ग : कूलर व मोटर दुरुस्ती, पंचेचाळीस दिवस.
फॉर्ममधल्या 'कायमचा पत्ता'पाशी
सुकवारो नेताम पेन धरून थांबते.
कांकेरकडचं घर, की
कळमन्यातली पत्र्याची खोली,
जी जूनपर्यंतच आहे?
"सर, दुनों लिख दौं का?"
रकाना एकाच ओळीचा.
मी म्हणतो, राहू दे, आधी वाइंडिंग शिक.

ती तांब्याच्या तारेचे वेढे मोजते
आपल्या बोलीत, ओठांतल्या ओठांत.
कोणी हाक मारली तर हात थांबत नाही,
उत्तर थांबतं.
पहिली मोटर जळाली;
तो वास दोन दिवस तिच्या पदराला.
दुसरी फिरली, पण उलटी :
आम्ही सगळे तोंडं पुढे करून बसलेलो,
वारं मागच्या भिंतीला.

मार्चअखेर इतवारीतल्या एका मालकाकडे नेलं.
त्यानं मलाच विचारलं,
"बाई टाकी उचलन का भाऊ?"
तिनं टेस्टर मागितला.
त्याच्याच दुकानातला, महिनाभर बंद पडलेला कूलर
उघडला, कपॅसिटर बदलला.
वाळ्याच्या ताट्या भिजून वास सुटेस्तोवर
कोणी बोललं नाही.
पगार ठरला,
मागितला त्याहून हजारानं कमी.
मी भांडलो. ती नाही.

काल, चव्वेचाळीस अंशांत, तिचा फोन :
"सर, खोली बदलली.
तो रकाना कोराच ठेवा.
फोन नंबर मात्र खोडू नका,
गिऱ्हाईक त्याच्यावरच येऊन राह्यले."