निळं पिंप

बटाटे चिरून भिजत घातले,
पाणी ओतलं. पुन्हा भिजवले, पुन्हा ओतलं.
उकळून तिसऱ्यांदा.
उरतं ते बाबांचं, ओल्या पुठ्ठ्याच्या चवीचं.

साखर पेठेत नळ पाचव्या दिवशी येतो.
निळं पिंप काठोकाठ भरून ठेवते.
डायलिसिसच्या गड्डम सिस्टर म्हणाल्या,
धड किडन्या रोज असं पिंपभर गाळतात
आणि एक-दोन तांबे सोडून सगळं परत घेतात.
पोटॅशियमही बहुतेक आधी परत,
मग शेवटच्या वळणावर, हिशेब बघून,
सोडियम आत, हे बाहेर.
बाबा झोपलेत की जागे, विचारायच्या नाहीत.

चाळीस वर्षं टॉवेलचे माग चालवले यल्लप्पांनी.
ताण्यातला एक धागा तुटला की माग आपसूक थांबायचा.

चैत्रात श्रीहरी शहाळं घेऊन आला,
"उन्हाचं बरं असतं, मामा."
मी दळण आणायला गेले होते.
रात्री ईसीजीच्या कागदावर
तंबूसारखी टोकं, एकामागून एक.
रिपोर्ट सहा पूर्णांक नऊ.
शिरेतून कॅल्शियम, मग इन्सुलिन, साखर.
डॉक्टर म्हणाले, "सध्या पेशींत लपवलंय फक्त."

आता शेंगाचटणीची बरणी वरच्या फळीवर,
आणि बाबा तिच्याकडे
न बघण्याची काळजी घेतात.

बटाट्याचं पाणी मी डब्यातल्या कढीपत्त्याला घालते.
मेला माजलाय नुसता, खिडकीच्या वर गेलाय.
काल बाबा खाटेवरून म्हणाले,
"याला कोण एवढं खायला घालतंय गं?"