रीडिंगची वही

दिवसभर मी लोकांच्या भिंतींवरचे आकडे उतरवतो,
सुदामानगर, द्वारकापुरी, पुढे फूटी कोठीपर्यंत.
रात्री घरी अजून एक मीटर वाचायचं असतं:
रेवाच्या कोपराची आतली घडी,
गुडघ्यामागची, कानामागची,
टॉर्चवर रुमाल टाकून, ती झोपल्यावर.

वही वीज मंडळाचीच, रद्द झालेल्या सालातली.
‘ग्राहकाचे नाव’ इथे तिचं नाव,
‘मागील वाचन’ इथे कालची खाज.
शेवटचा रकाना हेमांगीचा: काय खाल्लं, किती, कुणाच्या हातून.

सात डिसेंबरपासून बंद:
दूध, दही, गहू, शेंगदाणे, सोयाबीन, तीळ.
डॉक्टर खाबिया बाई म्हणाल्या, चार आठवडे,
मग एकेकाला परत बोलवू.
सगळे पाहुणे एकदम आले
तर चोरी कुणी केली कसं कळणार?

उरला तांदूळ, दुधी, मूग,
वाफवलेलं नासपती,
आणि नळाला येणारं नर्मदेचं पाणी.
तिच्या नावाचं पाणी, ते तेवढं चाललं.

हेमांगीनं वेगळा तवा घेतला,
वेगळ्या सांडशीला लाल दोरा बांधला.
पुड्यांच्या पाठीवरचं मुंगीएवढं अक्षर
वाचता वाचता तिला चष्मा लागला.
‘अंश असू शकतो.’
हा ‘असू शकतो’ तेव्हापासून
भाडं न देता आमच्याकडे राहतो.

आणि गाव तर असं,
की सकाळी सातला चौकाचौकात पोह्यांची वाफ,
जिलबीच्या कढया, आणि भेटलेला माणूस
कसे आहात नंतर विचारतो, आधी, काय खाल्लं?
शेजारचे मालूजी: ‘अरे भिया, चिमूटभर शेवेनं काय होतंय?
आमची पोरं शेवेवरच वाढली.’
मी हसतो.
चिमूटभर शेवेनं काय होतं
ते वहीच्या एकविसाव्या पानावर आहे,
रात्रीचे दोन दहा,
अक्षर माझं, पण ओळखू येत नाही.
त्या पानानं चार आठवड्यांचे सहा केले.
मालूजींनी परवा गुपचूप मुगाची पिशवी आणून दिली,
निवडलेली.

एकदा, खोटं कशाला बोलू,
सराफ्यात गेलो.
तळलेलं गराडू, वर जिरावन, वर लिंबू,
उभ्या उभ्या दोन प्लेटी.
मग एका मिटल्या दुकानाच्या पायरीवर
चुळा भरल्या, तीन. मिशी धुतली.
दारात रेवा जागी.
माझं बोट नाकाशी नेलं तिनं.
‘गरम होते?’
एवढंच विचारलं.

संक्रांतीला गल्ली फिरून आली मूठ मिटून.
हेमांगीच्या हातातली पळी थांबली.
रेवानं मूठ उघडली: कागदाची पुडी,
कागदावर पुन्हा कागद.
‘सात वड्या आहेत. मोजल्यात, खाल्ल्या नाहीत.
गोड बोलले मात्र सगळ्यांशी.
आता मी हात धुते, बाबा,
तू वहीत शून्य लिही.’

सोमवारी पहिला पाहुणा. दूध.
खाबिया बाईंच्या दवाखान्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत,
अर्धा चमचा.
पाच मिनिटं. दहा.
बाई दुसऱ्या बाळाचं वजन घेत मधूनच बघतात.
हेमांगी माझी बाही पिळत बसलेली.
अठरा वर्षं आकडा पुढे सरकलेला बघायची सवय,
आज डोळे तिच्या गालावर,
आणि मी म्हणतोय, हलू नकोस, बाबा, हलू नकोस.
वीस मिनिटं.
रेवा चमचा उलटा करून बघते.
‘अजून नाही?’

घरी आल्यावर वही उघडली.
आजचं वाचन: शून्य.
पेनानं लिहिणार होतो.
हेमांगीनं न बोलता
पेन्सिल पुढे केली.