टचिंग

मी ट्रकांच्या फाळक्यांवर मोर काढणारा माणूस.
केळीचे ट्रक, चोपड्याहून दिल्लीला जाणारे.
चिटणीस सोनवणे म्हणाले, जरा टचिंग करून द्या,
वाचनालयात नऊ तसबिरी आहेत देणगीदारांच्या,
वाळवी लागलीय.

वाळवी चवीनं खाते.
पगड्या सोडल्या, उपरणी सोडली,
खुर्च्यांचे सिंहपंजे जसेच्या तसे.
खाल्ले ते फक्त चेहरे.
नऊ पगड्यांखाली नऊ भोकं
आणि भोकांतून मागची चुन्याची भिंत बघतेय,
पापणी न लववता.

विचारलं, दिसायचे कसे हे?
सोनवणे म्हणाले, भारदस्त.
शिपाई गिरधर म्हणाला, हाऊ ते मोठा मानूस व्हता.
हाऊ म्हणजे कोणता, ते त्यालाही सांगता येईना.

मे महिना. कूलरमधलं पाणीसुद्धा घामेजलेलं.
माझी नात डिंपल स्टुलावर पाय हलवत
कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जनावरांचं पुस्तक वाचत होती.
मान वर न करता म्हणाली, बाबा, ह्याला शिंगं काढा ना.
ब्रशला तपकिरी लागलेलाच होता.
काढली.

तर मामलेदार देव झाले तीन शिंगांचे,
मानेभोवतीची हाडाची झालर पगडीखाली अशी बसली
जणू शिंप्यानं दोन्हींचं माप एकदमच घेतलेलं.
वकीलसाहेबांच्या मिशांच्या जागी मॅमथचे सुळे,
टोकं वर वळवलेली, तूप लावून.
तोताराम शेठना मोठा जबडा आणि बोटाएवढे हात,
खिशापर्यंत पोचतच नाहीत.
(खाली पाटी : देणगी रुपये अकरा. ती मी नाही लिहिली.)
वैद्यबुवांची मान फ्रेमीत मावेना.
वरची पट्टी काढली, मान भिंतीवर नेली,
थेट घड्याळापर्यंत.
आता ते तिथून वेळ बघतात
आणि कुणाला काही सांगत नाहीत.

चौथ्या दिवशी सुकदेव नाना आले, पेपर वाचायला.
मी ब्रश पाठीमागे धरला.
नाना तीन शिंगांपुढे काठी टेकून
कितीतरी वेळ उभे.
मग म्हणाले, हाऊ ते मना आजला शे.
राग उना म्हंजे असाच दिखे.
आणि चप्पल काढून पाया पडले.

नववी तसबीर अडली.
शेठचं नाव पुसलेलं, चेहरा गेलेला,
पण खांद्यावर एक हात.
कोपरापर्यंत बांगड्या, आणि तिथून पुढे
चित्रकारानं बाईच कापून टाकलेली.
वाळवीनं हाताला तोंड लावलं नव्हतं.
जुन्या वहीत शोधलं :
वाचनालयाची जागा, कुटुंबाकडून.
सोनवणे म्हणाले, म्हणजे सगळ्या घराण्यानं दिली.
मी म्हटलं, साहेब, त्या काळी कुटुंब म्हणजे
एकच माणूस असायचं.

डिंपल म्हणाली, आमच्या बाई सांगतात,
चाळीसगावजवळ पाटण्याला
शहामृगाच्या अंड्याच्या टरफलांचे मणी सापडलेत.
हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ओवलेले.
म्हणजे इथं शहामृग होते, बाबा.
ऊन तर त्यांना चालतंच.

मग मी फ्रेमीबाहेर, भिंतीवर,
हाताला धरून धरून काढत गेलो :
दंड, पंख, हिरवं लुगडं, काठ वांगी रंगाचा,
लांब मान, मानेत टरफलांच्या मण्यांची माळ,
आणि पाय. असे पाय, की
लाथ बसली तर सिंहपंजांची खुर्ची मोडेल.
डोकं छताला लागलं.
पंख्याची पाती थोडी वाकवावी लागली.

सोनवणे म्हणाले, हे कोटेशनमध्ये नव्हतं.

बिल केलं : टचिंग, नऊ नग.
भिंतीचे काही नाही.
बांगड्यांना मी ब्रश लावलेला नाही,
हेही खाली लिहिलं, आणि सही केली
ट्रकवर करतो तशी, छोट्या मोरासकट.