सहावा दिवस : मोकळा

कार्यक्रमपत्रिकेत पाच दिवस खच्चून भरलेले,
लेणी, कमानी, धोबीघाट, तासाला एक आश्चर्य,
आणि सहाव्यापुढे एकच शब्द : मोकळा.
त्याचा अर्थ कुणी विचारला नव्हता.
आज लिंट्सहून आलेले अठरा जण
कुलाब्याच्या हॉटेलात त्या शब्दापुढे
जरा बिचकून बसलेत.

पिखलरसाहेब नाश्ता करून पुन्हा झोपले.
दोघी बहिणी मिठाच्या पाण्यात पाय सोडून,
एकाच बादलीवर भांडताहेत.
कुणी पोस्टकार्डं लिहितंय,
तिकिटं कोण आणणार हे न ठरवता.
मी लॉबीत. फोन चालू ठेवायचा, बाकी दिवस माझा,
असं कंपनीनं सांगितलंय. फोनवरच.

साडेदहाला एडरबाई खाली आल्या. वय शहात्तर.
एकतीस वर्षं ट्राम चालवली त्यांनी,
अजून सोफ्यावरही बसतात
समोर रूळ असल्यासारख्या.
"फ्राउ दुरंदर,"
आमच्या धुरंधरातला ध अकरा वर्षांत
एकाही गटाला पेललेला नाही,
"तुम्ही आज काय करणार?"

दळण आणणार, म्हटलं.
म्हणजे म्हणायला गेले आणि जर्मनमध्ये अडले.
पीठ आणणं म्हणजे दुकान.
दळण वेगळं. आपलेच गहू, आपलाच डबा,
आपला नंबर, आपल्या डोळ्यांदेखत.
हे सगळं फोडून सांगेपर्यंत
त्यांनी बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या.

मुगभाटातली गिरणी.
डबा लेकानं रात्रीच टाकलेला, दळायचा राहिलेला,
झाकणावर खडूनं धु. ५ किलो.
पट्टा फडफडतोय, जमीन पायांतून बोलतेय,
रामसुमेरच्या पापण्यांवर पिठाचं धुकं.
त्यानं एडरबाईंकडे पाहिलं, स्टूल फुंकून पुढे सरकवलं
आणि पुन्हा कामाला लागला.
एवढं कमी स्वागत त्यांचं
या देशात आजवर कुणी केलं नव्हतं.
बाई खूश.

"हे बघायचं ठिकाण आहे?"
नाही.
"छान."

आमच्या आधी कुणाची तरी बाजरी होती.
ती संपली तसे रामसुमेरनं
आमचे मूठभर गहू आधी सोडले,
करडं-पांढरं काहीतरी खाली आलं,
ते त्यानं वेगळ्या घमेल्यात काढलं.
बाईंनी विचारलं, हे कुणाचं?
कुणाचंच नाही, म्हटलं. ना बाजरीवालीचं, ना माझं.
जातं साफ व्हायला तेवढं जातंच.

त्या बराच वेळ त्या घमेल्याकडे बघत राहिल्या.
मग आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या,
आमच्याकडे रात्री शेवटची फेरी संपली
की रिकामी ट्राम डेपोला न्यायची.
आत सगळे दिवे चालू. थांबे येतात, थांबायचं नाही.
त्या फेरीचा पगार अर्धा मिळायचा.
मी ती मागून घ्यायचे.

डबा भरला. मी म्हटलं, हात घाला.
त्यांनी मनगटापर्यंत घातला
आणि एकदम माझ्याकडे पाहिलं,
पीठ गरम असतं हे
शहात्तर वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.
एक शब्द बोलल्या, त्यांच्या गावाकडचा,
मला कळला नाही. मी विचारलाही नाही.
आज मी दुभाषी नव्हते.

डब्याची एक कडी त्यांनी धरली, एक मी.
ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत
आमची पावलं काही जुळली नाहीत.

सातव्या दिवशी सकाळी पावणेसातला बस.
माइक हातात, अठराच्या अठरा हजर,
पायही उतरलेले.
उजवीकडे पाहा, मी म्हटलं,
आणि इमारतीचं साल दहा वर्षांनी चुकवलं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
सतरा माना उजवीकडे.
एडरबाई डावीकडे,
काचेला नाक लावून,
गल्लीत अर्धंच उघडलेल्या कुठल्याशा शटरकडे.

ती गिरणी नव्हती.
मी काही बोलले नाही.